जर्मनीतल्या तुर्कांविषयी लिहिण्याआधी : मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, साप्ताहिके आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक, तसेच परराष्ट्रविषयक स्तंभ लिहिणारे सर्व लेखक यांस



जर्मनीत निवडणूक झाली, युरोपात कुठे हल्ला झाला किंवा तुर्कस्तानच्या अध्यक्षांनी एखादे तिखट विधान केले, की मराठी पानांवर एक मजकूर ठरल्यासारखा येतो. जर्मनीत तीस लाख तुर्क आहेत, साठ वर्षे उलटली तरी ते तिथे मिसळले नाहीत, त्यांची निष्ठा अजून अंकाराशी आहे आणि उदारपणे दारे उघडल्याची किंमत युरोप मोजतो आहे, असा त्याचा सारांश असतो. मथळे बदलतात, सारांश बदलत नाही. इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी, तिला जोडलेली दोन-चार मते आणि शेवटी इकडच्या राजकारणाला लावलेला धडा, एवढ्यावर लेख उभा राहतो. वाचकाला एका समाजाविषयी ठाम मत मिळते. त्या समाजाची माहिती मात्र मिळत नाही.

हे पत्र त्या उणिवेविषयी आहे आणि ते आदराने लिहिले आहे. याच मराठी पत्रकारितेने गिरणी कामगारांच्या खोल्यांत जाऊन तिथली परिस्थिती मांडली. ऊसतोड मजुरांच्या तांड्यांवर जाऊन मुकादमाने किती उचल दिली आणि काय कबूल करून घेतले, हे विचारले. कामगार कुठून आला, त्याला कोणी आणले, कोणत्या अटींवर आणले आणि त्या अटींचे पुढे काय झाले, हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. तेच प्रश्न कोलोनच्या मोटार कारखान्यातल्या तुर्काबद्दल विचारले जावेत, इतकीच अपेक्षा आहे. तक्रारी आणि विनंत्या एकेक करून पुढे मांडल्या आहेत.

पहिली तक्रार ‘उदारपणे दारे उघडली’ या विधानाविषयी.

पश्चिम जर्मनीने तुर्कांना आसरा दिला नव्हता, कामावर बोलावले होते. युद्धानंतर तिथले कारखाने जोमाने सुरू झाले आणि माणसे कमी पडू लागली. १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी कामगारभरतीचे करार झाले. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारे मनुष्यबळही थांबले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी करार झाला.

तो प्रत्यक्षात कसा राबवला गेला, हे जवळून पाहण्यासारखे आहे. जर्मन रोजगार खात्याने इस्तंबूलमध्ये कार्यालय थाटले. अर्जदारांना तिथे गटागटाने, अंगावर फक्त चड्डी ठेवून रांगेत उभे करत. दात बघत, नजर तपासत, रक्त आणि लघवी तपासायला घेत. ओळख पटावी म्हणून अंगावर शाईने आकडे घालत. लेखक जॉन बर्जर आणि छायाचित्रकार जाँ मोर यांच्या १९७५ सालच्या ‘अ सेव्हन्थ मॅन’ या पुस्तकात या तपासणीची छायाचित्रे आहेत. पास झालेला माणूस सिर्केजी स्थानकावरून गाडीत बसे आणि लांबचा प्रवास करून म्युनिकच्या ११ क्रमांकाच्या फलाटावर उतरे. त्या फलाटाखाली हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी बांधलेले युद्धकाळातले तळघर होते. तिथे आलेल्यांना जेवू घालत, नावे पुकारत आणि कारखान्यांच्या याद्यांप्रमाणे वाटणी करून पुढच्या गाड्यांत बसवत.

मूळ करारात मुक्कामाची मर्यादा दोन वर्षांची होती आणि कुटुंब आणण्याची सोय नव्हती. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी परत धाडायचा आणि नवा आणायचा, हे कारखानदारांनाच परवडेना. म्हणून १९६४ मध्ये ती मर्यादा काढली गेली. ‘पाहुणा कामगार’ हे नाव मात्र चालू राहिले आणि धोरणही त्या नावाप्रमाणेच राहिले. बोलावून आणलेल्या माणसाला वर्षानुवर्षे ओसरीवर बसवायचे आणि तो माजघरात रुळला नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा, असा हा हिशेब झाला.

नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकटाच्या काळात जर्मनीने ही भरती बंद केली. तोवर तुर्कस्तानातून साडेआठ लाखांहून अधिक लोक आले होते आणि त्यांतले सुमारे पाच लाख परतही गेले होते. म्हणजे ‘दोन पैसे साठवायचे आणि गावी जायचे’ हा बेत अनेकांनी खरोखरच पार पाडला. पण बंदी आल्यावर चित्र पालटले. आधी गावी जाऊन पुन्हा नव्या करारावर येता येत असे. आता एकदा गेले की परतीची वाट बंद. मागे राहिलेल्यांनी मग बायकामुलांना बोलावून घेतले. तुर्क वस्ती कायमची झाली ती तुर्कांना रोखण्यासाठी घातलेल्या या बंदीनंतर.

त्यानंतरही १९८३ मध्ये हेल्मुट कोल सरकारने कायदा करून परत जाणाऱ्या बेकार कामगाराला १० हजार ५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे १ हजार ५०० मार्क देऊ केले. शासनाचा निरोप स्पष्ट होता : आता निघा. नवागतांना जर्मन शिकवण्याचे अभ्यासवर्ग कायद्याने देशभर सुरू झाले १ जानेवारी २००५ ला. पहिला करार झाल्यावर तब्बल ४३ वर्षांनी.

म्हणून पहिली विनंती अशी : ‘साठ वर्षांत मिसळले नाहीत’ असे लिहिताना या साठ वर्षांचा तपशील द्या. त्यांतली जवळपास पहिली चाळीस वर्षे ‘जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नाही’ या अधिकृत भूमिकेत गेली. ज्याने कधीतरी परत जावे अशी अपेक्षा होती, त्याला भाषा शिकवण्याचे कोणी मनावर घेतले नाही. आणि आपण परत जाणार असेच जो स्वतःही धरून चालला होता, त्याने ती आपणहून शिकली नाही. चूक दोन्ही बाजूंनी झाली. पण शाळा, कायदा आणि पैसा एकाच बाजूच्या हातात होता, हे वाचकाला कळले पाहिजे.

दुसरी तक्रार नागरिकत्वाविषयी. तुर्क जर्मन का झाले नाहीत, असा प्रश्न आपल्या पानांवर वारंवार दिसतो. जर्मन होण्याची सोय केव्हा झाली, हे त्याच्या शेजारी सहसा नसते.

जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदा १९१३ सालचा होता आणि तो वंशावर आधारलेला होता. तुर्क आईबापांचे मूल डुइसबुर्गमध्ये जन्मले, तिथेच शिकले, तिथेच नोकरीला लागले, तरी कागदोपत्री परदेशीच राहत असे. जन्माने नागरिकत्व मिळण्याची तरतूद १ जानेवारी २००० पासून आली. तीही सहज आली नाही. १९९९ च्या सुरुवातीला दुहेरी नागरिकत्वाच्या विरोधात सह्यांची मोहीम झाली आणि त्या लाटेवर हेसे राज्यात सत्तांतर झाले. परिणामी कायदा सौम्य करावा लागला. तुर्क आईबापांच्या जर्मनीत जन्मलेल्या मुलाने वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दोनपैकी एक पासपोर्ट सोडायचा, अशी अट आली. पुढे युरोपीय संघाच्या नागरिकांना दोन्ही पासपोर्ट ठेवायची मुभा मिळाली. एकाच बाकावर बसणाऱ्या इटालियन मुलाला जे चालत होते, ते तुर्क मुलाला चालत नव्हते. तेविसाव्या वर्षाची अट २०१४ मध्ये बव्हंशी मागे घेतली गेली. दुहेरी नागरिकत्व सर्वांना खुले झाले २७ जून २०२४ ला. त्याच कायद्याने पहिल्या पिढीतल्या कामगारांसाठी लेखी परीक्षेची अट काढली. तोवर त्या पिढीतले कितीतरी जण हयात नव्हते.

मतदानाचेही तसेच. १९८९ मध्ये हॅम्बुर्ग आणि श्लेसविग-होल्श्टाइन या राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क देण्याचा प्रयत्न केला. घटना न्यायालयाने ऑक्टोबर १९९० मध्ये तो रद्द ठरवला. नंतर युरोपीय संघाच्या नागरिकांना तो हक्क मिळाला. त्यामुळे दोन-चार वर्षांपूर्वी आलेला ग्रीक रहिवासी नगरपालिकेसाठी मत देऊ शकतो आणि चाळीस वर्षे त्याच गल्लीत राहिलेला तुर्क पासपोर्टधारक देऊ शकत नाही. या माणसाचे लक्ष अंकाराच्या निवडणुकीकडे का लागते, याचे थोडे तरी उत्तर इथे सापडते. दुसरी विनंती म्हणून इतकीच, की निष्ठेवर लिहिताना हक्कांच्या तारखाही द्या.

तिसरी तक्रार आकड्यांविषयी. तुर्कस्तानच्या २०१७ च्या सार्वमतात जर्मनीत ६३ टक्के मते अध्यक्ष एर्दोआन यांच्या बाजूने पडली. २०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या अंतिम फेरीत हा वाटा ६७ टक्क्यांच्या आसपास गेला. त्यावरून ‘जर्मनीतले दोन तृतीयांश तुर्क एर्दोआनवादी’ असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर फिरला.

हा आकडा नीट मांडून बघावा. जर्मनीत तुर्की मुळाचे लोक तीस लाखांच्या घरात. त्यांतले बरेच जर्मन नागरिक, काही अल्पवयीन. २०१७ मध्ये तुर्कस्तानच्या मतदारयादीत होते सुमारे १४ लाख. त्यांतल्या निम्म्यांहून कमी लोकांनी मत दिले. बाजूने पडलेली मते चार लाखांहून थोडी अधिक. म्हणजे तीस लाखांमागे चार लाख, साधारण सातांत एक. हे चार लाख दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. त्यांच्याविषयी जरूर लिहावे. पण सात माणसांतल्या एकाचे मत उरलेल्या सहांच्या नावावर खपवणे ही गंभीर चूक आहे.

त्याच दोन्ही वेळी ब्रिटनमधल्या तुर्की मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी एर्दोआन यांच्या विरोधात मत दिले. तुर्कपणा हेच कारण असते, तर लंडन आणि जर्मनीतले एसेन यांच्यात एवढे अंतर पडले नसते. एसेनला गेला तो मुख्यतः अनातोलियाच्या ग्रामीण, धार्मिक वळणाच्या घरांतला कामगार. लंडनला गेलेल्यांत कुर्द, अलेवी पंथीय, विद्यार्थी आणि राजकीय कारणांनी देश सोडलेल्यांचा भरणा मोठा. कोण, कुठून आणि कशासाठी गेले, यावर मतांचा कल ठरतो. टक्केवारी छापताना ती कितीजणांची टक्केवारी आहे हे छापावे, ही तिसरी विनंती.

यातूनच चौथी तक्रार निघते. आपल्या लेखांतला तुर्क नेहमी एकच असतो : सुन्नी, कर्मठ, पुरुष. प्रत्यक्षात तुर्कस्तानातून युरोपात आलेल्यांत कुर्दांची संख्या मोठी आहे. अलेवींची संख्या मोठी आहे आणि त्यांची प्रार्थनेची रीत वेगळी आहे. स्त्री-पुरुष तिथे एकत्र बसतात आणि बाग्लामा या तंतुवाद्याच्या साथीने भजने गातात. जर्मनीच्या अनेक राज्यांत अलेवींना धर्मसमुदाय म्हणून मान्यता आहे आणि सरकारी शाळांत त्यांच्या धर्मशिक्षणाचे तास होतात. सप्टेंबर १९८० च्या लष्करी उठावानंतर डावे, कलावंत आणि कामगार पुढारी जर्मनीत आले. गायक जेम काराजा यांचे नागरिकत्व तुर्कस्तानच्या लष्करी राजवटीने काढून घेतले होते. जर्मनीतल्या वास्तव्यात त्यांनी पाहुण्या कामगारांवर जर्मन भाषेत गाणी केली. २०१६ नंतर पत्रकार आणि प्राध्यापकांची आणखी एक लाट बर्लिनमध्ये आली. यांची निष्ठा अंकाराच्या सरकारशी आहे असे म्हणणे म्हणजे ज्याच्यापासून ते पळाले, त्याच्याच पदरी त्यांना परत बांधणे होय.

युरोपातले सगळे तुर्क स्थलांतरितही नाहीत. बल्गेरिया आणि ग्रीसच्या पश्चिम थ्रेस भागातले तुर्क उस्मानी काळापासून तिथलेच. १९८४-८५ मध्ये बल्गेरियाच्या कम्युनिस्ट राजवटीने सक्तीने तिथल्या तुर्कांची नावे बदलली. १९८९ मध्ये तीन लाखांहून अधिक लोक देश सोडून तुर्कस्तानात गेले. सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानसाठी सुवर्णपदक जिंकणारा छोट्या चणीचा वेटलिफ्टर नाइम सुलेमानोग्लू अनेक मराठी वाचकांना आठवत असेल. तो बल्गेरियातल्या याच तुर्कांपैकी.

आणि स्त्रिया? बायका मागाहून नवऱ्यापाठोपाठ आल्या, असे लिहिण्याची सवय झाली आहे. हजारो तुर्की स्त्रिया एकट्याने, स्वतःच्या नावाच्या करारावर आल्या. रेडिओ आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांना बारीक कामासाठी त्याच हव्या होत्या. एमिने सेवगी ओझ्दामार १९६५ मध्ये अशीच बर्लिनच्या टेलिफुंकन कारखान्यात आली. पुढे ती जर्मन भाषेत लिहू लागली आणि २०२२ मध्ये तिला गेओर्ग ब्युश्नर पुरस्कार मिळाला. जर्मन साहित्यात याहून मोठा मान क्वचितच असेल. ऑगस्ट १९७३ मध्ये नॉइस गावातल्या पिअरबुर्ग कारखान्यात परदेशी कामगार स्त्रियांनी संप केला. ‘हलके काम’ म्हणून बायकांना सर्वांत कमी मजुरीच्या श्रेणीत टाकले जाई, त्याविरुद्ध तो होता. त्यांत तुर्क होत्या, ग्रीक होत्या, युगोस्लाव्ह होत्या. जर्मन सहकारी त्यांच्या बाजूने उतरले आणि ती श्रेणी रद्द झाली. त्याच महिन्यात कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्क कामगारांनी संप केला. सुटीवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे जणांना कामावरून काढल्याचे निमित्त होते. तो संप मोडून काढला गेला. दोन्ही घटना समाजात सामावण्याच्याच इतिहासाचा भाग आहेत. आपल्या पानांवर त्या आल्या तर तुर्क कामगार वाचकाला अधिक ओळखीचा वाटेल.

पाचवी तक्रार सर्वांत जड आहे, आणि ती थेट पत्रकारितेची आहे.

९ जून २००४ ला दुपारी कोलोनमधल्या कॉयपश्ट्रासे या रस्त्यावर एका सलूनसमोर सायकल लावली गेली. तुर्की दुकानांचा हा गजबजलेला रस्ता : मिठाई, सोने, लग्नाचे कपडे, कबाब. सायकलच्या कॅरिअरवरच्या पेटीत स्फोटके होती आणि शेकडो लांब खिळे. स्फोटात २२ जण जखमी झाले. सलूनची काच फुटून आतल्या गिऱ्हाइकांच्या अंगावर गेली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय गृहमंत्री ओटो शिली यांनी सांगितले, की आतापर्यंतच्या तपासात दहशतवादी हेतू दिसत नाही, रोख गुन्हेगारी टोळ्यांकडे आहे. पुढची सात वर्षे पोलिसांच्या संशयाच्या फेऱ्यात त्या रस्त्यावरचे रहिवासीच राहिले. खंडणी, अमली पदार्थ, आपसातली वैरे, सगळे त्यांच्यात शोधून झाले.

या स्फोटाच्या आधीपासून खून सुरू होते. ९ सप्टेंबर २००० ला न्युरेंबर्गमध्ये फुलविक्रेते एन्वर शिमशेक यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २००६ पर्यंत नऊ छोटे दुकानदार आणि कामगार एकाच पिस्तुलाने मारले गेले. त्यांत आठ तुर्की मुळाचे आणि एक ग्रीक. तपास पथकाला नाव दिले ‘बॉस्फरस’. वृत्तपत्रांनी या मालिकेला नाव दिले ‘डोनर-खून’. मेलेल्या माणसांना खाद्यपदार्थाच्या नावाने ओळखले गेले. शिमशेक यांच्या पत्नीला पोलिसांनी खोटेच सांगितले, की तुमच्या नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध होते. हेतू तिला बोलते करण्याचा होता. मे २००६ मध्ये कासेल शहरात पीडितांच्या नातेवाइकांनी मूक मोर्चा काढला. दहावा बळी जाऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती. मारेकऱ्यांचा डोळा आमच्या परदेशी मुळावर आहे, हे या कुटुंबांना दिसत होते. बातमीदारांना दिसले नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये हे खून आणि कोलोनचा स्फोट घडवणारी एनएसयू ही नवनाझी टोळी उघडकीस आली आणि कुटुंबे खरे बोलत होती हे सिद्ध झाले. दहावी बळी एक पोलीस कर्मचारी होती. तिचा खून २००७ मध्ये झाला.

हे सांगण्याचे कारण असे, की म्योल्न (१९९२, तीन मृत्यू), झोलिंगेन (१९९३, पाच मृत्यू) आणि हानाउ (२०२०, नऊ परदेशी मुळाच्या तरुणांचा खून) या वंशद्वेषी हल्ल्यांच्या नावांचा युरोपातल्या तुर्कांशी जितका संबंध आहे तितका क्वचितच कशाचा असेल. तरी ‘तुर्क आणि युरोप’ या विषयावरच्या मराठी लेखांत ती अभावानेच येतात. झोलिंगेनच्या जाळपोळीत मेव्ल्युदे गेंच यांनी दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावली. त्या त्याच गावात राहिल्या, जर्मन नागरिकत्व घेतले आणि २०२२ मध्ये निधन होईपर्यंत द्वेष नको म्हणून सांगत राहिल्या. मिसळण्याची तयारी कोणी दाखवली, याची चर्चा त्यांच्या उल्लेखाशिवाय अपुरी राहील. विनंती अशी, की गुन्ह्याच्या बातमीत पोलिसांच्या पहिल्या निवेदनाबरोबर मेलेल्याच्या घरच्यांचे म्हणणेही घ्या, आणि मागाहून सत्य बाहेर आले की तेही तेवढ्याच ठळकपणे छापा.

सहावी तक्रार यशोगाथांची. करोनाची लस आली तेव्हा बायोएनटेकचे उगुर शाहीन आणि ओझ्लेम तुरेजी यांची छायाचित्रे आपण पहिल्या पानावर छापली. योग्यच केले. पण ‘बघा, मेहनत केली की सगळे होते’ असा सूर त्यांना जोडला गेला, तो अपुरा आहे. शाहीन यांचे वडील कोलोनच्या फोर्डमध्ये कामाला होते. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते आणि विद्यापीठाची वाट गिम्नाझियम या शाळेतून जाते. छोट्या उगुरची शिफारस शिक्षकांनी सर्वांत खालच्या प्रकारच्या शाळेसाठी केली होती. एका जर्मन शेजाऱ्याने मध्ये पडून ती बदलायला लावली. ज्या मुलांना असा शेजारी भेटला नाही, त्यांचे काय झाले, हा खरा बातमीचा विषय आहे. आईबापांच्या परिस्थितीवर मुलाचे शिक्षण जर्मनीत फार अवलंबून राहते, हे पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीने २००१ मध्येच दाखवून दिले होते.

फुटबॉलपटू मेसुत ओझिलचेही एकच टोक आपल्याकडे छापून आले. मे २०१८ मध्ये त्याने एर्दोआन यांच्यासोबत छायाचित्र काढले. त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. मात्र विश्वचषकातल्या पराभवानंतर टीकेची जागा त्याच्या वंशाने घेतली आणि जुलैत तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. मे महिन्यातल्या त्याच दिवशी, त्याच अध्यक्षांसोबत इल्काय ग्युन्दोआननेही छायाचित्र काढले होते. सहा वर्षांनी, २०२४ च्या युरो स्पर्धेत, तो जर्मनीचा कर्णधार होता. दोन्ही गोष्टी एकाच देशात घडल्या, आणि दोन्ही सांगितल्या तरच त्या देशाचे चित्र पुरे होते.

आता दुसरी बाजू. तुर्क समाजातल्या दोषांवर पांघरूण घालावे, अशी या पत्राची मागणी मुळीच नाही. दितीब ही जर्मनीतली सर्वांत मोठी मशीद संघटना तुर्की शासनाच्या धर्मखात्याशी बांधलेली आहे. इमाम तिकडून पगारावर येत राहिले. हा प्रश्न खरा आहे, आणि जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये इमामांचे प्रशिक्षण जर्मनीतच करण्याबाबत तुर्कस्तानशी समझोता केला, तो उगीच नाही. २००५ मध्ये बर्लिनमध्ये हातुन स्युर्युज्यु या २३ वर्षांच्या तरुण आईला तिच्या भावाने गोळ्या घातल्या, कारण तिने स्वतःच्या मनाप्रमाणे जगायचे ठरवले होते. ती तुर्कस्तानातून आलेल्या कुर्दी कुटुंबातली होती. यावर लिहावे, कठोरपणे लिहावे. पण लिहिताना वकील सेयरान आतेश यांच्यासारख्यांचे म्हणणे ऐकावे. त्यांनी घरातल्या जाचातून सुटून कायद्याचे शिक्षण घेतले, मारहाण झालेल्या बायकांचे खटले लढवले, स्वतःवर गोळी झेलली आणि २०१७ मध्ये बर्लिनमध्ये स्त्री-पुरुषांनी एकत्र नमाज पढावा अशी मशीद सुरू केली. समाजातल्या आतल्या टीकाकाराला जागा दिली, की बाहेरून शेरेबाजी करण्याची गरज उरत नाही.

सातवी तक्रार इकडच्या वापराची. युरोपातल्या तुर्कांचा दाखला महाराष्ट्रातल्या मुसलमानांविषयीच्या वादात देण्याची प्रथा पडली आहे. हे दोन्ही समाजांवर अन्यायाचे आहे. इकडचा मुसलमान कोणत्याही भरती कार्यालयातून आलेला नाही. तो इथलाच. त्याच्याविषयी काही म्हणायचे असेल तर इथले पुरावे द्यावेत.

खरा दुवा वेगळाच आहे आणि त्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यासाठी दहा हजार हा आकडा जाहीर झाला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक यांची गरज सांगितली गेली. याच राज्यातल्या कारखान्यांत तुर्कांची पहिली पिढी राबली. याच राज्यातल्या बाड उराख गावी १९६५ मध्ये तुर्क कामगारांच्या पोटी जेम ओझ्देमिर जन्मले. १९९४ मध्ये ते संसदेत गेले आणि २०२१ मध्ये देशाचे कृषिमंत्री झाले. बीड किंवा चंद्रपूरहून उद्या तिथे जाणाऱ्या मुलामुलींसाठी तुर्कांचा अनुभव हा सर्वांत जवळचा आणि उपयोगी इतिहास आहे.

त्या अनुभवावरूनच शासनाला विचारायचे प्रश्न ठरतात. जर्मन कोणत्या पातळीपर्यंत, कोण आणि कोणाच्या खर्चाने शिकवणार? इथल्या आयटीआयचे प्रमाणपत्र तिथे पूर्ण मानले जाणार की अर्धवट? जोडीदाराला नेता येणार का आणि त्याला काम करता येणार का? मालकाने काढले तर व्हिसाचे काय? भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, तेव्हा जर्मन पासपोर्ट घेताना भारताचा सोडावा लागेल. गावाकडच्या जमिनीत वारसाहक्क राहील का, ही काळजी तुर्कांनाही होती. तुर्कस्तानने १९९५ मध्ये कायद्यात बदल करून, नागरिकत्व सोडणाऱ्यांचे असे हक्क राखणारे वेगळे कार्ड काढले. आपल्याकडे याची चर्चा जाणाऱ्यांच्या घरी होण्याआधी आपल्या पानांवर व्हायला हवी.

शेवटी, कामाच्या तीन मागण्या.

युरोपातल्या तुर्कांवरचा मजकूर इंग्रजी वृत्तसंस्थेवरून उचलण्याऐवजी निदान अधूनमधून मूळ जर्मनवरून घ्यावा. पुण्यात मॅक्सम्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूट आणि विद्यापीठ यांनी पिढ्यान्‌पिढ्या जर्मन शिकवले आहे. चांगले भाषांतर करणारी माणसे शहरात आहेत आणि त्यांना योग्य मानधनावर हे काम द्यावे. दुसरे, ओझ्दामार किंवा फात्मा आयदेमिर यांच्या लेखनाचा परिचय रविवारच्या पुरवण्यांत यावा, फातिह आकिन यांच्या चित्रपटांवर लेख यावेत, म्हणजे हा समाज फक्त बातमीतून भेटणार नाही. तिसरे, जर्मनीत राहणाऱ्या मराठी वार्ताहरांना आणि विद्यार्थ्यांना सांगावे, की मजकूर पाठवताना एका तरी तुर्की मुळाच्या माणसाशी स्वतः बोला : परिचारिका, बसचालक, शिक्षिका, निवृत्त खाणकामगार, कोणीही. त्याचे म्हणणे पटो न पटो, ते त्याच्या शब्दांत छापा.

यातल्या एखाद्या मुद्द्याशी आपण असहमत असाल, तर त्याचे सविस्तर उत्तर आपल्या पानांवर वाचायला आवडेल. चर्चा व्हावी, यासाठीच हे पत्र खुले ठेवले आहे.



आपला नम्र,
एक नियमित वाचक
पुणे